नोकरीच्या फॉर्ममधला एक रकाना

पोलीस भरतीत नाव लागलं की वसमतमध्ये पेढे वाटले जातात. मग येतो चारित्र्य पडताळणीचा फॉर्म. 'आपणावर गुन्हा दाखल आहे किंवा होता काय?' तिथं पोराचा पेन अडतो. कुणाचं नाव बांधाच्या भांडणात आलेलं, कुणाचं रास्ता रोकोत.

नोंद बघून माणूस ठरवायची सवय आपल्याकडं जुनी आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यात गुन्हा करायचीही गरज नव्हती, त्या जमातीत जन्म झाला की पुरे! सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तिथली माणसं गिरण्यांत राबायची, पण हजेरी चुकवायची सोय नव्हती. म्हणजे काम मिळालं, शिक्का तसाच. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. त्या भागाला सोलापूरकर अजून 'सेटलमेंट'च म्हणतात.

२०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा असेल, तर तो लपवला तरी नोकरी देणारा त्याकडं दुर्लक्ष करू शकतो. 'शकतो' हा शब्द नीट वाचा. खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायचीच, असं बंधन नाही. अमेरिकेतल्या हवाई राज्यानं १९९८ मध्येच ठरवलं होतं, आधी नोकरी देऊ करा, मग गुन्ह्याचं विचारा. आपल्याकडं खासगी नोकरीसाठी असा कायदा नाही.

तोवर पोरांनो, लपवू नका. निर्दोष सुटला असाल तर कोर्टातून निकालाची नक्कल काढून फॉर्मला जोडा.