लाल औषध, सदाफुली आणि बर्फ

आज रायपूरपासून सुरुवात करू. तिथल्या आंबेडकर रुग्णालयात, लोकांच्या तोंडी 'मेकाहारा', केमो चालू असताना छत्तीसगढी पेशंट 'जरत हे' म्हणाला, तर सिस्टरने आधी सलाईन बंद करायचं असतं. मग पुढचं.

हे जळणं जुनं आहे. पहिलं केमो औषध नायट्रोजन मस्टर्ड, म्हणजे युद्धातल्या मस्टर्ड वायूचं भावंड. कातडीवर फोड आणणं हाच त्या वायूचा धंदा. 1942 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी ते पेशंटच्या शिरेतून दिलं. शिरेत रक्त त्याला पातळ करतं. बाहेर झिरपलं तर तिथलं मांस मरतं.

पुढच्याच वर्षी, 2 डिसेंबर 1943ला, इटलीच्या बारी बंदरावर जर्मन बॉम्बहल्ला झाला. 'जॉन हार्वी' जहाजात गुपचूप आणलेले मस्टर्डचे बॉम्ब फुटले, शेकडो माणसं भाजली. आणि योगायोग बघा, त्याच पुलिया प्रांतातल्या कास्तेल देल मोन्ते किल्ल्याजवळच्या मातीत पुढे एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून 1960च्या दशकाअखेर डॉक्सोरुबिसिन निघालं. लालभडक औषध. झिरपलं की मेलेल्या पेशींतून सुटून शेजारच्या पेशींत शिरतं, म्हणून जखम आठवडेच्या आठवडे पसरते. त्यावर बर्फाचा शेक.

पण आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून काढलेलं व्हिन्क्रिस्टिन झिरपलं तर उलट, गरम शेक! तिथे बर्फ लावला तर इजा वाढते. 'सूज आली की बर्फ' ही घरगुती सवय इथे घातक ठरते.

बरीच वर्षं जखमेभोवती स्टेरॉइड टोचत. माझ्या मते तो डॉक्टरांच्या मनाचाच दिलासा होता. फायदा काही सिद्ध झाला नाही. डॉक्सोरुबिसिनवरचा खरा उतारा, डेक्सराझोक्सेन, मुळात हृदय वाचवण्याचं औषध. झिरपण्यावर त्याला युरोपात 2006, अमेरिकेत 2007 साली मान्यता मिळाली. ते सहा तासांच्या आत, दुसऱ्या हातातून सुरू करावं लागतं. महाग आहे, सगळीकडे नसतं.

म्हणून भिस्त सिस्टरवर. सुई उपसायची नाही. तिच्यातूनच औषध मागे ओढून घ्यायचं, मग ती काढायची. हात उंच ठेवायचा, लालीभोवती पेनने रेघ मारून वेळ लिहायची. फोड बरेचदा काही दिवसांनी येतो, आणि तोवर पेशंट बस्तरमधल्या गावी पोचलेला असतो. ती रेघ ओलांडली गेली तर परत या, हे त्याला त्याच्याच बोलीत सांगूनच घरी सोडायचं.