दिवाणी कैदेची कुळकथा

विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७३५ साली एका उधळ्या तरुणाच्या अधःपाताची आठ चित्रं तांब्याच्या पत्र्यांवरून छापून विकली. पूर्ण संचाची किंमत दोन गिनी. लोक ती फ्रेम करून दिवाणखान्यात लावत. त्यातलं सातवं चित्र लंडनच्या फ्लीट तुरुंगातलं. कर्ज थकलेल्यांना तिथे डांबत. नायक सुन्न बसलेला, तुरुंगाचा माणूस वही पुढे करून दस्तुरी मागतोय, बिअर आणून देणारा पोऱ्या पैशासाठी अडून बसलाय. शेजारच्या कैद्याजवळून एक कागद निसटलाय. त्यात देशाचं कर्ज कसं फेडावं याची योजना! होगार्थला हे ऐकीव नव्हतं. त्याचे वडील कर्जापायी याच तुरुंगाच्या हद्दीत दिवस काढून आले होते. फ्लीटमधले गरीब कैदी रस्त्याकडच्या गजांआडून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे भीक मागत. पैसे नाहीत म्हणून कैद, आणि कैदेत पोटासाठी पुन्हा पैसे, असा तो न्याय.

मराठी मुलखात वसुलीचं धारदार हत्यार होतं धरणं. सावकार किंवा त्याने बसवलेला ब्राह्मण कर्जदाराच्या दारात अन्नपाणी सोडून बसे. दारात ब्राह्मण उपाशी असताना घरात चूल पेटवायची नाही असा संकेत, आणि तो मेलाच तर ब्रह्महत्या घरधन्याच्या माथी. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या थॉमस ब्रॉटन या अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत या प्रथेविषयी लिहून ठेवलं आहे. लंडनमध्ये ऋणको उपाशी राही. इथे धनको आधी उपाशी राहून ऋणकोला उपाशी ठेवी.

इंग्रजी कायद्याला हे मानवलं नाही. १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ आलं: दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावणं हा गुन्हा. त्याखालचं पहिलंच उदाहरण दारात धरणं धरणाऱ्याचं. आजच्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३५४ झालं आहे. मात्र त्याच सुमारास, १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने न्यायालयाचा हुकूमनामा मिळवलेल्या धनकोला कर्जदारास कैदेत टाकण्याची मुभा दिली होती. म्हणजे सावकाराला उंबरठ्यावरून उठवलं आणि फ्लीटची रीत इथे आणून बसवली.

आता आपल्या वर्ध्याकडे या. हा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा निघाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता आणि हिंगणघाटच्या कापसाचं नाव दूरवर गाजत होतं. तेजी ओसरली, कर्जं राहिली. १८७५ मध्ये तिकडे पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, नगर आणि सोलापूरच्या शेतकऱ्यांची कर्जापायी होणारी कैद बंद केली. वर्धा पडला मध्य प्रांतात. ती सूट इथल्या शेतकऱ्याला लागू नव्हती. इथे १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा आला. १९३७ च्या कायद्याने तर वसुलीसाठी ऋणकोच्या घराला गराडा घालणं गुन्हा ठरवलं. दारातल्या सावकारावर बंदी आली ती अशी दुसऱ्यांदा. त्या कायद्याच्या आधीच्या वर्षी वर्ध्याजवळच्या सेगावला मुक्काम हलवलेल्या गांधीजींचंही धरण्याविषयीचं मत कडक होतं. १९२१ सालीच त्यांनी त्याला रानटी जबरदस्ती म्हटलं होतं.

कर्जापायी होणारी ही दिवाणी कैद मात्र संपली नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती आजही आहे, फक्त तिचे दात बरेच काढले आहेत. दोन हजारांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी कैद नाही. पाच हजारांवर गेलात तरी जास्तीत जास्त तीन महिने. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला अटक होत नाही. सूर्यास्तानंतर घरात शिरून कोणालाही धरता येत नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं की निव्वळ ऐपत नाही म्हणून कैद करता येणार नाही. ऐपत असून बुडवण्याची नियत दिसली पाहिजे. आणि या कैद्याच्या जेवणाचा भत्ता भरायचा धनकोने, तोही आगाऊ. तो थकला की कैदी सुटतो. सुटल्याने कर्ज फिटत नाही, पण त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा अटक होत नाही.

शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने दिलेल्या पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे होते त्यांत वर्धा होता. कर्जाचा धाक इथे कोणाला समजावून सांगायला नको. म्हणून वसुलीवाला दारात येऊन ‘आत टाकतो’ म्हणाला, तर घाबरून सही करू नका. आधी दावा, मग हुकूमनामा, मग न्यायालयाची नोटीस, मग तुमचं म्हणणं, हा क्रम आहे. हुकूमनामा कुठे आहे, एवढंच त्याला विचारा.