श्रीरंगपट्टणची वाटणी

देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान. १७९२ च्या तहात त्याने निम्मे राज्य व ३ कोटी ३० लाख रुपये देण्याचे कबूल केले. पेशवे, निजाम व इंग्रज यांनी समान वाटणी १७९० मध्येच ठरविली होती. भार मात्र समान वाहिला गेला नव्हता. इंग्रजांनी बंगळूर घेतले, तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात गुंतले होते. तरीही कॉर्नवॉलिसने करार पाळला. यात औदार्यापेक्षा दूरदृष्टीच अधिक असावी. रुसलेला मित्र महाग पडतो! मराठ्यांची सरहद्द तुंगभद्रेला भिडली. खंडणी फिटेपर्यंत टिपूचे दोन कोवळे पुत्र मद्रासेस ओलीस राहिले. १७९४ मध्ये ते पित्याच्या स्वाधीन झाले, तेही देवनहळ्ळीसच.