मोडी, उर्दू आणि काकांची फाईल

आमच्या देवगावच्या घरात (देवगाव रंगारी, तालुका कन्नड) माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे. तिच्यातले काही कागद मोडीत आहेत, काही उर्दूत. घरात आज दोन्ही कुणाला वाचता येत नाहीत. उर्दूचं कारण सरळ आहे. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून उर्दू ही सरकारी कारभाराची भाषा होती आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत आमचा भाग निजामाचाच होता. आजोबा ते कागद वाचायचे. वडिलांना आणि काकांना शिक्का कुठला आणि सही कुठली एवढं कळायचं. आम्ही नुसतं बघतो आणि परत घडी घालतो.

आज लिहायचंय ते तिसऱ्या लिपीबद्दल. ती आम्ही आपल्या हाताने बदलली, २००६ च्या दिवाळीत, काकांच्या संगणकावर.

काका शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर बसून एमएस-सीआयटी केलं आणि एक संगणक घेतला. त्यावर विंडोज ९८. तीन वर्षं खपून त्यांनी आजोबांनी सांगितलेल्या आठवणी टाईप केल्या: रझाकारांच्या वर्षात कोण गाव सोडून गेलं, धान्य कुठे पुरलं, परत आल्यावर घरात काय उरलं होतं. दीडशेच्या वर पानं. आजोबा तोवर गेले होते, म्हणजे दुसरी प्रत कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हती.

आता गंमत अशी, की विंडोज ९८ ला मराठी येतच नव्हतं. मग काका मराठी कसं लिहीत होते? तर त्या काळी सगळेच लिहीत होते तसं. मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका जागी अर्धा ग, एका जागी काना, एका जागी वेलांटी. छापखान्यातल्या खिळ्यांसारखं जुळवत जायचं. आपल्याला 'गाव' दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी! एकाचा ग तो दुसऱ्याचा ठ. तो फॉन्ट नसेल तर फाईल म्हणजे शुद्ध बाराखडीचा चिवडा.

याला उपाय नव्हता असं नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुढे नेऊन पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) जिस्ट कार्ड काढलं होतं. ते संगणकात बसवलं की डॉसवर भारतीय लिप्या उमटत. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण सांकेतिकीकरणही होतं, १९९१ मध्ये त्याला मानक ब्यूरोची मान्यता मिळाली. युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून. म्हणजे शहाणपण आपल्याकडे वेळेवर आलं होतं. पण घरोघरी आणि डीटीपीच्या दुकानांत पोचले ते फॉन्टच, कारण छापून छान दिसायचं, आणि बहुतेकांना तेवढंच हवं होतं.

असो. तर दिवाळीत मी देवगावला गेलो आणि एक्सपी टाकायचं ठरलं. रॅम वाढवून नेली होती. काकांच्या फाईली, सगळे फॉन्ट, सगळं दोन सीड्यांवर उतरवलं. एकीवर भागलं असतं, पण काका शाळामास्तर. मग जुनं सगळं पुसून निळ्या पडद्यापासून सुरुवात. भारनियमनाचे दिवस होते ते! लाईट जायची वेळ चुकवून पहाटे बसलो होतो. पडद्यावर '३९ मिनिटं बाकी' दिसतंय आणि काकू चहा घेऊन विचारताहेत, "आलं का रे मराठी?"

पुढचं ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. चार ठिकाणी पिवळी प्रश्नचिन्हं. आवाज नाही. चित्रं भडक आणि अवाढव्य, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही. मदरबोर्डच्या सीडीने ती दोन कामं केली. मोडेमचा ड्रायव्हर मात्र इंटरनेटवर, आणि इंटरनेट मोडेमच्या पलीकडे. तो दुसऱ्या दिवशी कन्नडच्या एका कॅफेतून आणला.

एक्सपीत मराठी होतं, पण झोपलेलं. ते जागं करायला कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या पानावर जाऊन एक खूण करायची आणि सीडी पुन्हा घालायची. हे न केल्यामुळे कित्येकांना आपले ब्लॉग चौकोन चौकोन दिसायचे, आठवतंय ना? ती खूण केली आणि मराठी विकिपीडिया (२००३ पासूनचा) उघडला. सगळं स्वच्छ! ती अक्षरं 'मंगल' फॉन्टची. तो केला होता सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी. आपण सगळे वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं अक्षर वाचत होतो आणि बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. २००८ मध्ये ते गेले.

खरी अडचण काकांच्या फाईलीची. फॉन्ट परत टाकला, पानं दिसली. पण लिहायचं पॅकेज उघडेना. त्याला चोरी होऊ नये म्हणून एक कुलूप होतं, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचा ठोकळा. विंडोज ९८ वर प्रोग्रॅम त्या पोर्टशी थेट बोलू शके. एक्सपी मध्ये कुणाला येऊ देत नाही, त्याला कुलपाचाही ड्रायव्हर लागतो. आमच्या आवृत्तीबरोबर तो नव्हता. म्हणजे कागद वाचता येतोय, पण त्यात एक शब्द घालता येत नाही. काका म्हणाले, "म्हणजे उर्दूच झालं की रे हे."

मग दोन महिने ते सगळं युनिकोडमध्ये आणणं चाललं. अक्षराला अक्षर लावणारा एक छोटा प्रोग्रॅम जमवला. वाटतं तेवढं सोपं नाही ते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात आणि फक्त दाखवतात आधी. रफार त्याच्या उलट. आणि आपला मराठी ऱ्य! पहिल्या फेरीत 'गौताळ्याच्या दऱ्या' सगळीकडे 'गौताळ्याच्या दर्या' झाल्या. आजोबा डोंगरात लपले होते, समुद्रात नव्हे. काकांनी छापील प्रत शेजारी ठेवून दीडशे पानं लाल पेनने तपासली, वह्या तपासाव्यात तशी.

त्यानंतर घरात विंडोज ७ आलं, १० आलं, आता ११ आहे. व्हिस्टापासून (२००७) मराठीसाठी खूण करायची गरजच उरली नाही. विंडोज १० पासून मंगलच मूळ संचात नसतो, हवा तर वेगळा मागवून घ्यावा लागतो. मराठी दिसते ती निर्मला नावाच्या फॉन्टमध्ये. काकांची फाईल मात्र या सगळ्यांत जशीच्या तशी उघडते, शब्द घालता येतात. गेल्या वर्षी पुतणीने तिच्यात आजीची बाजू घातली, अकरा पानं.

आता कामाचं. काकांनी त्याच पॅकेजमध्ये भावकीतल्या तिघांना वंशावळ आणि लग्नांच्या याद्या करून दिल्या होत्या, फ्लॉपीवर. मंडळी, त्या फ्लॉप्या अजून असतील तर टाकू नका, मला कळवा. फॉन्ट माझ्याकडे आहे, अक्षरांचा तक्ताही आहे. फ्लॉपी वाचणारं यंत्र कुणाकडे चालू असेल तर तेही सांगा.