दोन पाखी, दोन मापं

आज गोष्ट कौलांची, आणि आमच्या गटाच्या एका चुकीची.

गटाच्या पापडाच्या शेडला पुढं लांब पाखं आहे, पडवीपर्यंत उतरलेलं. मागचं आखूड. मी मागचं मोजलं आणि दुप्पट केलं. कौलं कमी पडली. मृगाच्या तोंडावर पुन्हा टेम्पो, पुन्हा भाडं, आणि तेही गटाच्या कर्जातून.

आपल्या आज्यांच्या काळी हा हिशेब वेगळा होता. तेव्हा कुंभाराच्या चाकावरची नळीची कौलं. प्रत्येक कौल थोडं वेगळं. किती लागतील हे जाणतं माणूस नजरेनं सांगे, आणि दर वर्षी पावसाआधी घर शाकारावं लागे.

१८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट यांनी तो उभा केला. साच्यात दाबलेलं, एकमेकांत अडकणारं हे कौल मूळ फ्रान्सचं. गिलार्डोनी बंधूंनी ते १८४१ मध्ये तिकडं आणलं होतं. नेत्रावतीकाठची माती त्याला चांगली मिळाली. गलबतांतून ही कौलं मुंबईकडं येऊ लागली. त्या कारखान्यांत बायकाही राबत होत्या, हे विसरू नका. सगळी कौलं एका मापाची झाली, म्हणून छपराचा अंदाज नजरेवरून कागदावर आला. मोजता येणारी बाई तो स्वतः काढू शकते.

कसा, ते ऐका. आढ्यापासून खाली ओळंबा सोडा. तिथून पुढच्या वळचणीपर्यंत आडवं अंतर १२ फूट, आणि आढं त्या वळचणीहून ९ फूट उंच. १२ ला १२ नं गुणा, १४४. ९ ला ९ नं, ८१. बेरीज २२५. कोणत्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणलं की २२५ येतात? १५. म्हणजे पुढचं पाखं १५ फूट. मागं ८ आणि ६, म्हणजे १०. हा नियम अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी दोरीनं मोजायचे, आपण छप्पर मोजू.

शेड २० फूट लांब. पुढं १५ गुणिले २०, ३०० चौरस फूट. मागं २००. एकूण ५००. मी धरले होते ४००.

मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे १०० चौरस फुटांना १४०. आपल्याला ७००. फुटतुटीसाठी शेकडा पाच जादा धरा, ७३५. आढ्यावरची कौलं वेगळी, ती २० फुटांच्या हिशेबानं. वासेही दोन लांबींचे, पुढचे आणि मागचे वेगळे लिहा. रिपांच्या ओळी दोन्ही पाखांवर वेगळ्या मोजा.

आता आमच्या गटात नियम आहे. टेप एकीच्या हातात, वही दुसरीच्या, आणि ऑर्डर देण्याआधी तिसरी पुन्हा मोजते. माझं मापसुद्धा.