भोकरदनची पांढरी

आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी वंशावळी जपून ठेवलेल्या आढळतात. कोणाच्या वंशावळीत सात पिढ्यांची नावे मिळतात, कोणाच्या दहा. त्यापलीकडे कागद मुका होतो. तेथून मागचा इतिहास गावाच्या पांढरीतच शोधावा लागतो. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा भेद प्रत्येक खेडूत जाणतो. परंतु पडलेल्या भिंती, चुलींची राख व खापरे यांचे थर साचून ही पांढरी बनली आहे आणि तीच गावाची खरी बखर होय, हे थोड्यांच्याच ध्यानी येते.

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे याचे ठळक उदाहरण होय. केळना नदीकाठचे हे तालुक्याचे गाव म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठानाहून, म्हणजे पैठणहून, अजिंठ्यावरून उज्जयिनीस जाणाऱ्या व्यापारी मार्गावर ही पेठ होती. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचाही उल्लेख आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी शिळेवर आपली ओळख ठेवली ती गावाच्या नावाने, ही गोष्ट आम्हांस मननीय वाटते.

भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात असताना, १९७३ साली, नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सातवाहनकालीन नाणी आणि नाना प्रकारचे मणी तेथे मिळाले. त्यांबरोबर एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भग्न भागही मिळाला. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली तशीच मूर्ती सापडली होती. दोहोंचे साम्य इतके, की पाँपेईची मूर्तीही भोकरदनलाच घडली असावी, असे काही विद्वानांनी सुचविले आहे.

असे ठेवे मातीच्या ज्या थरात सापडतात, त्या थरावरूनच त्यांचा काळ ठरतो. पांढरीची माती शेतात वा बांधकामास वाहून नेली, की तो पुरावा कायमचा नष्ट होतो. मागून कितीही द्रव्य खर्चिले तरी तो परत येत नाही.

पांढरीवर आजही माणसे नांदतात. त्यांनी घरे बांधू नयेत असे आमचे म्हणणे नाही. मात्र पाया खणताना जुनी नाणी वा मूर्ती निघाल्यास ती परस्पर विकू नये, तहसील कचेरीस वर्दी द्यावी. सापडलेला निधी जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा, असा १८७८ चा कायदाही आहे. आपल्या बांधवांनी आपापल्या गावची पांढरी वंशावळीइतक्याच आस्थेने जपावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.