तांबीचा दोरा आणि योनीतील जीवाणू

गर्भाशयात बसवायच्या गर्भनिरोधक साधनाला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘तांबी’ला, एक दोरा असतो. तो गर्भाशयमुखातून योनीत उतरतो. साधन जागेवर आहे का हे पाहायला आणि ते काढायला तो लागतो. योनीत जीवाणूंची दाट वस्ती, गर्भाशयात ते अगदी थोडे. या दोन्ही जागा जोडणारी वस्तू म्हणजे हा दोरा.

योनीत जीवाणू असणे हा आजार नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्येच तेथील आम्ल तयार करणाऱ्या दंडाकार जीवाणूंचे वर्णन केले होते. आज त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात; दह्याच्या विरजणातल्या जीवाणूंचे हे भाऊबंद. त्यांच्या आम्लामुळे बरेच रोगजंतू तेथे वाढू शकत नाहीत.

१९७१ मध्ये अमेरिकेतील ए. एच. रॉबिन्स कंपनीने ‘डॅल्कन शिल्ड’ बाजारात आणली. तिच्या कडांना काटे होते. काढताना जोर लागे, म्हणून दोरा मजबूत हवा होता. भारतात १९६५ पासून बसवल्या गेलेल्या लिपीज लूपचा दोरा एकतंतू होता. इथे मात्र नायलॉनच्या नळीत शेकडो बारीक तंतू भरलेले आणि नळीची टोके उघडी. समईच्या वातीतून तेल चढावे तसा ओलावा वर चढे. कंपनीतल्याच एका गुणवत्ता-पर्यवेक्षकाने हा दोष पहिल्याच वर्षी वरिष्ठांना कळवला होता. त्याचे ऐकले गेले नाही. साधन आत असताना गर्भ राहिलेल्या काही स्त्रिया जंतुसंसर्गाने दगावल्या. जून १९७४ मध्ये अमेरिकेतील विक्री थांबली. दोऱ्यातल्या फटींत जीवाणू असतात, हे हॉवर्ड टेटम यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. दाव्यांच्या ओझ्याखाली १९८५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

भीती मात्र सगळ्याच तांब्यांना चिकटली, आणि माझ्या मते ती अन्यायाची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचण्यांचे विश्लेषण १९९२ मध्ये आले. त्यात ओटीपोटातील संसर्गाचा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांतच जास्त दिसला, नंतर तो कमी राहिला. म्हणजे प्रश्न मुख्यतः बसवण्याच्या वेळचा होता.

खुद्द योनीतील जीवाणूंचा प्रश्न वेगळा, आणि तो अजून मिटलेला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झिंबाब्वेतील अभ्यासात, तांब्याचे साधन बसवलेल्या स्त्रियांत बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा जीवाणूंचा असमतोल सहा महिन्यांत २७ वरून ४९ टक्क्यांवर गेला. लॅक्टोबॅसिलस फारसे घटले नव्हते; दुसरेच जीवाणू वाढले होते. पाळीत जास्त रक्त जाणे हे त्याचे एक संभाव्य कारण, कारण रक्ताने योनीतली आम्लता उतरते.